उत्तर बोगद्यातला नववा

गृहीत: माणसं पडून आहेत

चिखलडोहच्या वसाहतीत महिन्यातून एकदा सकाळी भोंगा होतो आणि खाणीत उतरणारे सगळे जिथे असतील तिथे आडवे होतात. दाढीला साबण लावलेला माणूस न्हाणीच्या दाराशी लवंडतो. पानठेल्यावर उभे असलेले रस्त्याच्या कडेला ओळीने पडतात. मग तासभर हलायचं नाही, कूस बदलायची नाही, डास बसला तर बसू द्यायचा. बायका त्यांना ओलांडून पाणी भरतात. पोरं शेजारच्या काकांच्या नाकाशी गवताची काडी फिरवतात. "गेला का रे बाप्पा तुहा बाप?" असं एखादी म्हातारी मुद्दाम मोठ्याने विचारते आणि पडलेल्या बापाचं पोट हसू दाबून हलायला लागतं. याला पडवेळ म्हणतात.

"यायची पडवेळ काम सांगितलं का रोजच असते," असं वसाहतीतल्या बायका म्हणतात.

ही तालीम कशासाठी, हे इथल्या शाळकरी मुलालाही सांगता येतं. आकाशातून अतिसूक्ष्म कण सतत कोसळत असतात. आपल्या तळहातातून ते पार होतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. त्यातले काही इतके चिवट असतात की शंभर मीटर दगडातूनही आरपार जातात. जाताना वाटेत जे लागेल त्याने त्यांची दिशा जराशी चळते. दगडाने जास्त चळते, माणसाच्या शरीराने कमी, मोकळ्या हवेने जवळजवळ नाहीच. खाणीच्याही खाली, कोळशाच्या थराच्या पोटाखाली, नळ्यांचं एक जाळं अंथरलेलं आहे. कोणता कण किती तिरका होऊन आला, एवढंच ते जाळं टिपतं. असे लाखो विखुरलेले कण जमले की गणित उलटं चालायला लागतं: हे कण असे विखुरले, तर वर काय असलं पाहिजे?

त्या उलट्या हिशेबातून जे उमटतं त्याला विखुरचित्र म्हणतात. त्याला फोटो म्हणता येत नाही, कारण त्यात कोणी काही पाहिलेलं नसतं. पंगत उठून गेल्यावर ओसरीवर उमटलेल्या ओल्या पावलांवरून आत कोण कुठे बसलं होतं हे सांगावं, तसा तो प्रकार.

अडचण एकच. इतक्या खोल फार थोडे कण पोचतात, म्हणून चित्र जमायला पाच-सहा तास लागतात. तेवढ्या वेळात माणूस हिंडत राहिला तर तो सगळ्या चित्रभर पसरतो आणि नाहीसा होतो. जोरात फिरणाऱ्या पंख्याची पाती दिसत नाहीत, मागची भिंत दिसते, तसं. म्हणून खाणीच्या फाटकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे: पडेल तो दिसेल, दिसेल तो निघेल.

मेलेला माणूस सगळ्यांत स्पष्ट दिसतो, हे फाटकावर लिहिलेलं नाही. ते डॉ. अश्लेषा ठोंबरेला माहीत होतं. चित्र जमवणारं गणित तिने लिहिलं होतं.

गृहीत: माणसं नऊ आहेत

दुपारच्या पाळीत मधला भाग खचला. दक्षिण बोगदा आणि उत्तर बोगदा दोन्ही मुख्य वाटेपासून तुटले. आत नऊ जण होते, याबद्दल कोणाचंही दुमत नव्हतं.

अश्लेषा मूळची फलटणची, गेली सात वर्षं इथे. तिची खोली खाणीच्या कार्यालयाच्या मागे, पत्र्याच्या छताची. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. तिने जाळ्याकडून येणारे आकडे घ्यायला सुरुवात केली आणि गणिताला जे आधी सांगावं लागतं ते सांगितलं. त्याला गृहीत म्हणतात. आकडे इतके विरळ असतात की नुसत्या आकड्यांवरून हजारो वेगवेगळी चित्रं निघू शकतात, आणि ती सगळी आकड्यांशी जुळतात. त्यातलं एक निवडायला गणिताला बाहेरून आधार लागतो. माणसाचं शरीर साधारण एवढ्या लांबीचं. ते हलत नाही. अशी माणसं नऊ.

पाच तासांनी चित्र आलं. दक्षिण बोगद्यात आठ आकार, तांदळाच्या दाण्यांसारखे, एकमेकांजवळ. उत्तर बोगद्यात एक.

खाणीचे व्यवस्थापक डहाके साहेब उजवा पाय ओढत धावत आले. पाय जुन्या अपघातात गेलेला. "नऊच्या नऊ?"

"नऊ."

त्यांनी चित्र बाहेरच्या मोठ्या पडद्यावर लावायला सांगितलं. बाहेर सतरंज्या टाकून वसाहत बसली होती. चित्र लागलं तसा एक आवाज उठला, आणि मग बायका पडद्याजवळ जाऊन दाण्यांना हात लावायला लागल्या. दक्षिणेतल्या आठांत कोण कुठला हे कोणालाच कळत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकीने आपला एक दाणा ठरवून टाकला. दोघींनी एकच धरला आणि त्यावरून थोडी बाचाबाचीही झाली.

उत्तरेकडच्या दाण्याबद्दल मात्र शंका नव्हती. उत्तरेला पंप होता आणि पंपावर प्रफुल रामटेके होता. त्याची बायको सुकेशनी पडद्यापासून लांब, शाळेच्या पोषण आहाराचा एप्रन तसाच कमरेला बांधून उभी होती. शेजारणीने तिला पुढे ढकललं. "जा नं व. तुहाच हाय तो, एकटा. त्याच्यासाठी भांडाची तरी गरज नाई."

सुकेशनी पुढे गेली. दाण्याला हात न लावता तिने त्याच्याकडे बघितलं. मग वळून अश्लेषाला म्हणाली, "मॅडम, हे असे पडून हायेत?"

"हो."

"पाच घंटे?"

"हो. घाबरू नका."

"नाई, घाबरत नाई," सुकेशनी म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर आनंदही नव्हता.

गृहीत: किती आहेत ते माहीत नाही

चित्राची परीक्षा घ्यायची एक रीत आहे. एकेक गृहीत काढून घ्यायचं आणि चित्र टिकतं का बघायचं. खरोखर कणांनी सांगितलेली गोष्ट गृहीत काढल्यावरही जागेवर राहते. गृहीताच्या जोरावर उभी असलेली गोष्ट ढासळते.

अश्लेषाने नऊ हा आकडा काढून टाकला.

दक्षिणेतले आठ तसेच राहिले. उत्तरेतला एक गेला. धूसरही झाला नाही. तिथे नुसता रिकामा बोगदा होता.

डहाके तिच्या खुर्चीच्या मागे उभे होते. "हे काय झालं?"

"आपण त्याला नऊ सांगितले होते. आठ सापडले. नववा कुठेतरी बसवायलाच हवा होता, म्हणून जिथे बसवल्याने आकडे सगळ्यांत कमी बिघडतील तिथे त्याने बसवला. जेवायला नऊ जण म्हटल्यावर वाढपी नऊ पानं मांडतोच ना? नवव्या पानावर माणूस आहे की नाही ते तो बघत नाही."

"म्हणजे तिथं कोणी नाही?"

"असं मी म्हटलं नाही. तिथे कोणी पडून आहे असं कण सांगत नाहीत, एवढंच."

"मॅडम, सोपं सांगा. हाय का नाई?"

बाहेर त्या मोठ्या पडद्यावर नववा दाणा अजून होता.

सुकेशनीला आत बोलावलं. अश्लेषाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि वाढप्याचं उदाहरण पुन्हा सांगितलं. सुकेशनीने सगळं ऐकून घेतलं. आणि अश्लेषाला अजिबात अपेक्षित नव्हतं असं काहीतरी झालं. सुकेशनीच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

"तेच म्हणत होती मी," ती म्हणाली. "ते पडून राहूच शकत नाई मॅडम. पडवेळेत त्यायचा अंगठा हलते. मी वर गोधडी टाकते, सुपरवायझरले दिसू नये म्हणून. फोनवर बोलाचं तं घरून नाल्यापर्यंत जाते अन् नाल्यावरून घरी येते, बोलणं संपेपर्यंत दोन मैल होते. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सनं हाकललं होतं, फरशी घासून काढसान म्हणे. तो पडून असलेला दाणा पाहून मले हात बी लावू वाटला नाई. म्हटलं, हे पडले कसे? पडले म्हणजे..."

तिने पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं.

"आता नाई दिसत, तं ठीक हाय. चालत असतीन."

गृहीत: एक माणूस चालतो आहे

असं गृहीत आजवर कोणी घातलं नव्हतं, कारण चालणाऱ्या माणसाचं चालणं आधी माहीत असावं लागतं. अनोळखी हालचाल म्हणजे नुसता कचरा. पण चालण्याची रीत ठाऊक असेल, तर कोणता कण आला तेव्हा तो माणूस कुठे असू शकेल याचा अंदाज बांधता येतो, आणि चित्रभर सांडलेला माणूस हळूहळू गोळा करता येतो. निदान कागदावर तरी.

"कसे चालतात?" अश्लेषाने विचारलं.

"कसे म्हणजे? पायानं," सुकेशनी म्हणाली आणि स्वतःच लाजली. मग सांगायला लागली. एक हात भिंतीला लावून. डावा. बरेच उंच आहेत, म्हणून छत कमी असलं की मान उजवीकडे पडते. वळताना थांबत नाहीत, पायावरच गिरकी घेतात. ओल्यात पाय टाकत नाहीत, पंपावरचा माणूस असून चिखलाची किळस आहे.

अश्लेषा घालत गेली. उत्तर बोगद्यात आधी एक धुरकट पट्टा दिसला. डाव्या हाताचं सांगितल्यावर पट्टा भिंतीकडे सरकला. मानेचं सांगितल्यावर त्याला वर गोलसर काहीतरी आलं. गिरकीचं सांगितल्यावर पट्टा तुटला आणि दोन टोकांमध्ये हालचाल दिसायला लागली, अडखळत, पुन्हा तिथूनच. चिखलाचं सांगितल्यावर ती हालचाल बोगद्याच्या मधोमध एका जागी जराशी वळसा घेऊन जायला लागली.

"तिथं पाणी हाय," सुकेशनी पुटपुटली. "पाहा, पाणी टाळून राहिले."

सात वर्षं अश्लेषाने पडलेली माणसं शोधायचं गणित घासूनपुसून नीट केलं होतं, आणि इथे एक माणूस जमिनीखाली चालत होता. ती खुर्चीच्या टोकावर आली. "आणखी सांगा. काहीही सांगा."

सुकेशनी सांगत राहिली. थकले की कमरेवर हात ठेवतात. रागावले की पावलं लहान होतात. लग्नाआधी तिला बघायला आले तेव्हा बसलेच नाहीत, पोह्यांची बशी हातात घेऊन अंगणात फिरत राहिले, तिच्या बापाला वाटलं पोराला पळून जायचं आहे. दर गोष्टीसरशी चित्र उजळत होतं. शेवटी शेवटी त्या आकाराला खांदे होते, कोपर होतं, आणि एक विशिष्ट ऐट होती. ती बघून सुकेशनीने पदर तोंडाला लावला आणि हसता हसता रडायला लागली.

ती बाहेर सांगायला धावली.

डहाके उभे होते तिथेच होते. "नवीन कण किती आले मधल्या वेळात?" त्यांनी विचारलं.

अश्लेषाने बघितलं. जवळजवळ नाहीत. पहिल्या चित्राच्या वेळी जेवढे होते तेवढेच.

"मंग हे एवढं स्पष्ट कशानं झालं?"

प्रश्न बरोबर होता आणि तो तिलाच सुचायला हवा होता.

"साहेब," ती म्हणाली, "जरा चालून दाखवा."

"काय?"

"दारापर्यंत जा आणि या."

डहाके उजवा पाय ओढत दारापर्यंत गेले आणि आले. अश्लेषाने सुकेशनीचं सगळं काढून टाकलं. त्याजागी डहाक्यांचं ओढतं पाऊल घातलं, त्यांची उंची घातली, पाठीवर बांधलेले हात घातले.

उत्तर बोगद्यात डहाके चालत होते. तितकेच ठळक. पाय ओढत, हात पाठीमागे.

आकडे दोन्ही वेळेला सारखेच जुळत होते. दशांश चिन्हानंतरही फरक नव्हता.

डहाके बराच वेळ स्वतःला जमिनीखाली चालताना बघत राहिले. मग त्यांनी आपला पाय चाचपला, तो वरच आहे याची खात्री करून घ्यावी तसा.

"हे तिले दाखवू नका," ते म्हणाले.

गृहीत: तिला सांगायचं

अश्लेषाने सांगितलं. सुकेशनी म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "पण नाई असं बी नाई नं?"

गृहीत: तिला सांगायचं नाही

अश्लेषाने आधी हेच ठरवलं होतं आणि ते तिला जमलं नव्हतं. जमलं असतं तरी फरक पडला नसता. न सांगताही सुकेशनी त्याच खुर्चीत बसली असती, त्याच पडद्याकडे बघत, आणि तिने हाच प्रश्न विचारला असता.

गृहीत: भोक पाडता येतं

दक्षिणेला तिसऱ्या दिवशी वरून भोक पोचलं. आठही जण जिवंत निघाले, ओठ फुटलेले, पाठ आखडलेली, इतके शहाण्यासारखे पडून राहिलेले की दोघांना उभं राहायला शिकवावं लागलं. वसाहतीत गुलाल उधळला गेला आणि मग कोणाच्या तरी लक्षात आल्यावर अर्ध्यावर थांबला.

आठांना एकच प्रश्न विचारण्यात आला: प्रफुलचा काही आवाज आला का? मेश्राम नावाच्या पोराने सांगितलं, दगडापलीकडून पावलं ऐकू येत होती, पहिला दिवसभर तरी. त्याच्या शेजारी पडलेले काकडे म्हणाले, ते पाणी टपकत होतं. दोघांचे कान एकाच भिंतीला लागलेले होते. दोघंही खोटं बोलणारी माणसं नव्हती.

उत्तर बोगद्याच्या वर जुन्या, सोडून दिलेल्या खाणीचं पाणी साठलेलं होतं. तिथे वरून भोक पाडलं तर ते पाणी थेट बोगद्यात उतरणार. चौकशीला आलेल्या समितीच्या बैठकीत हा पेच तासभर फिरला. आत कोणी नसेल तर भोक कशाला पाडायचं? आणि कोणी असेल तर ते पाणी त्याच्याच अंगावर. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी अश्लेषाला विचारलं, "तुमचं चित्र खात्रीने काय म्हणतं?"

"उत्तर बोगद्यात पडून असलेला माणूस नाही, एवढं म्हणतं."

"आणि चालणारा?"

"चालणाऱ्याला ते नाही म्हणत नाही."

"हो म्हणतं का?"

"ते कशालाच हो म्हणत नाही. आपण काहीतरी म्हणायचं, आणि ते फार तर हरकत घेतं."

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. बाजूने, दक्षिणेकडून, हाताने खणत जायचं ठरलं. खणणाऱ्यांवर छत दोनदा उतरलं. तिसऱ्या वेळी एकाचा खांदा मोडला आणि काम थांबवण्यात आलं. तोंडाशी विटांची भिंत बांधली गेली. गवंड्याने सवयीप्रमाणे ती गिलावा करून गुळगुळीत केली.

गृहीत: कण येत राहतात

कोणी थांबवलं नाही म्हणून जाळं चालूच राहिलं. आकाशातून कण येत राहिले आणि आकडे साठत गेले.

हे फार कमी लोकांच्या लक्षात आलं. जितके दिवस जातील तितकं न हलणाऱ्या वस्तूचं चित्र स्पष्ट होत जातं. चौथ्या-पाचव्या दिवशी पंप दिसायला लागला. मग पंपाचा पाइप. दुसऱ्या आठवड्यात बोगद्याच्या जमिनीवर पडलेलं एक फावडं दिसलं, त्याचा दांडासुद्धा. माणूस तिथे पडून असता, कोणत्याही अवस्थेत, तर तो फावड्याच्या आधी दिसला असता.

तो दिसला नाही.

याचा अर्थ दोनपैकी एक. तो कोसळलेल्या दगडांत असा चिरडला गेला होता की दगड आणि तो यांत कणांना फरक करता येत नव्हता. किंवा तो अजून पडला नव्हता.

दुसरी गोष्ट अशक्य आहे हे अश्लेषाला माहीत होतं. अन्न नाही, हवा नाही, इतके दिवस. पण अन्न आणि हवा या गोष्टी तिला माहीत होत्या, गणिताला नव्हत्या. तिने मृत्यूचं गृहीत घातलं तर माणूस नाहीसा होत होता, काढलं की परत येत होता, आणि दोन्ही वेळेला कणांचं म्हणणं सारखंच होतं. आपण मृत्यू घालतो म्हणून तो मरतो, हे तिने एकदा स्वतःशीच मोठ्याने म्हणून बघितलं आणि पुन्हा म्हटलं नाही.

शाळेतल्या मुलांचं जेवण उरकलं की सुकेशनी रोज यायची. "जयभीम मॅडम," म्हणायची आणि खुर्ची ओढायची. कधी डब्यात उरलेली खिचडी आणायची. अश्लेषा चित्र लावायची. प्रफुल चालत असायचा.

"आज बी?"

"नाही म्हणता येत नाही."

हे ठरलेलं झालं होतं. अश्लेषाला रोज वाटायचं की आज चित्र लावायचं नाही. रोज ती लावायची. बंद केलं तर आपण त्याला मारल्यासारखं होईल, आणि चालू ठेवलं तर आपण या बाईला मारतो आहोत, यातलं कमी वाईट काय ते तिला ठरवता येईना. तिने लिहिलेल्या गणितात याला उत्तर नव्हतं. तिने पुण्याच्या आपल्या सरांना फोन केला. सर म्हणाले, "तू चित्र दाखवतेस कशाला? आकडे दाखव." तिने एक दिवस नुसते आकडे दाखवले. सुकेशनी त्यांच्याकडेही तितक्याच ओढीने बघत राहिली आणि म्हणाली, "यातले कोणते ते?"

चित्रातला प्रफुल थकत नव्हता. पावलं मंद होत नव्हती, कमरेवर हात मात्र ठरावीक वेळाने यायचा. एका दुपारी सुकेशनीने विचारलं, "हे बसत काहून नाई?"

"तुम्ही बसण्याचं काही सांगितलं नव्हतं," अश्लेषा म्हणाली, आणि तोंडातून गेल्यावर तिला आपलीच जीभ चावावीशी वाटली.

सुकेशनी त्या दिवशी लवकर उठून गेली.

गृहीत: तो थांबला आहे

ती चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली तेव्हा तिने इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती आणि ती बसली नाही.

"बुढी मागं लागली हाय," ती म्हणाली. बुढी म्हणजे सासू. "गेलेल्याचं पुण्यानुमोदन करून घेऊ म्हणते. भंतेजींले बी विचारून आली. सारी वसाहत म्हणून राहिली, कवरिक दिवस ठेवसान असं. मीच नाई म्हणत होती. म्हटलं, माणूस चालून राहिला अन् मी कार्यक्रम कसा करू? त्यायनं पाहिलं तं काय म्हणतीन?"

अश्लेषाने खुर्ची पुढे केली.

"पण रात्री झोपाले गेली का मले पावलंच दिसते. मी पडते अन् ते चालते. मी पडते अन् ते चालते." तिने एप्रन नसलेल्या कमरेशी हात पुसले. "थकले असतीन मॅडम ते. आता झोपवा त्यायले."

अश्लेषाला आधी कळलं नाही. मग कळलं.

"सुकेशनीताई, ते खरं नसेल."

"चालणं खरं होतं का?"

"ते माहीत नाही."

"मंग?"

करायचं फार थोडं होतं. वेग या शब्दापुढे एक आकडा होता, तिथे शून्य लिहायचं. आणि दगडांच्या ढिगाजवळ, जिथे कणांना नीट काही कळत नव्हतं, तिथे एक शरीर आहे असं सांगायचं. ढीग मोठा होता. त्यात कुठेही चाललं असतं.

अश्लेषाने शून्य लिहिलं. पडद्यावर प्रफुल नाहीसा झाला आणि एक रिकामी चौकट उघडली.

ती चौकट बघत बसली. तिला वाटलं होतं एवढ्यावर भागेल. पण गणिताला जागा हवी होती, आणि जागा कोणालाच माहीत नव्हती. तिने एकेक ठिकाण मनातल्या मनात घालून बघितलं. सगळी सारखी होती.

"काय झालं?" सुकेशनीने विचारलं.

"ते विचारतंय," अश्लेषा म्हणाली, "कुठे?"

"तुमाले नाई माहीत?"

"नाही."

"त्याले बी नाई?"

"त्यालाही नाही."

सुकेशनी पडद्याजवळ आली. इतके दिवस तिने त्या काचेला कधी हात लावला नव्हता. तिने बोट ढिगाच्या अलीकडच्या कडेवर ठेवलं, उचललं, जरा विचार केला आणि पुन्हा तिथेच ठेवलं. अश्लेषाने त्या बोटाखालची जागा लिहिली.

काही क्षण गेले. मग दगडांमध्ये एक माणूस उमटला, कुशीवर, गुडघे जरासे दुमडलेले, इतका स्वच्छ की अश्लेषाला त्याच्या पाठीचा बाक दिसत होता. खाली आकडे सरकत गेले आणि जुळून थांबले.

दोघी बघत राहिल्या. बाहेर दुपारच्या पाळीचा भोंगा झाला आणि संपला.

"थोडं इकडं घ्या त्यायले," सुकेशनी हळूच म्हणाली. "तिथं ओल हाय."

अश्लेषाने त्याला इकडे घेतलं. आकड्यांची काही हरकत नव्हती.